पुंजका की गुठळी? सोमल, कॅडमियम आणि पेशीतले ठिपके

धागाकर्ती : अगारवाली

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज स्वतःच अडकले म्हणून धागा काढतेय. विषय रुक्ष वाटेल, पण इथे रसायनवाले आहेत, डॉक्टर आहेत आणि पाषाण-गणेशखिंड पट्ट्यातले (पुण्यातल्या संशोधन संस्थांच्या भागातले) जुने खोड आहेत, म्हणून हिंमत केली.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट आहे. माणसाच्या पेशी प्लेटमध्ये वाढवायच्या, त्यांना विषारी धातूंची संयुगं द्यायची आणि पेशीतली प्रथिनं कशी एकत्र येतात ते बघायचं, हे काम. पेशी दोन प्रकारच्या, एचईके-२९३ आणि यू२ओएस. संयुगं तीन : सोडियम आर्सेनाइट, कॅडमियम क्लोराइड, लेड ॲसिटेट. (आर्सेनिक हा खरं तर अर्धधातू, हे मला माहीत आहे. गंधकप्रेमी काकांनी तेवढ्यावरून धागा पळवू नये ही नम्र विनंती.) पेशीतल्या जी३बीपी१ या प्रथिनाला हिरवं चमकणारं जीएफपी जोडलंय, म्हणजे ते कुठे जातं ते डोळ्यांना दिसतं.

आर्सेनाइट ०.५ मिलिमोलर घातलं की आधी काहीच होत नाही. हिरवा रंग पेशीभर सारखा पसरलेला, मधे केंद्रकाची काळसर जागा. मी चहाला जाऊन येते तोवर त्या सपाट हिरव्यात रव्यासारखं काहीतरी उमटलेलं असतं. अर्ध्या तासात केंद्रकाभोवती ठसठशीत गोल ठिपके, आणि मधली जागा फिकी पडलेली, जणू सगळा रंग ठिपक्यांनी ओढून घेतलाय. दोन ठिपके जवळ आले तर एकमेकांत मिसळतात, आमटीवरच्या तेलाच्या चकत्या मिसळतात तसे. धुऊन ताजं मीडियम (पेशी वाढतात तो द्रव) घातलं की दोनेक तासांत सगळं पूर्ववत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा घरी जायचं विसरले होते.

कॅडमियमचं तसं नाही. ठिपके यायला तीन-चार तास, आकार ओबडधोबड, आणि धुऊन रात्रभर ठेवलं तरी बरेचसे जागचे हलत नाहीत.

शिशाचे ठिपके तर घातल्या घातल्या दिसले. चकचकीत.

आता लाजिरवाणा भाग. ज्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) मी काहीच घातलं नव्हतं, त्या कंट्रोलमध्येही काही पेशींत ठिपके आहेत.

गाईड म्हणतात, "प्रोटीन ॲग्रीगेशन झालंय, तसं लिही." (म्हणजे बिघडलेली प्रथिनं एकमेकांना चिकटलीत.) लॅबमधली सीनियर म्हणते, "हे स्ट्रेस ग्रॅन्युल आहेत, ॲग्रीगेट लिहिलंस तर परीक्षक सोलून काढतील." (म्हणजे ताण आला की पेशी स्वतःच तात्पुरते जमवते ते ठिपके.) मराठीतून गोषवारा द्यायचाय, त्यात मी दोन्हीला 'गुठळ्या' लिहिलं होतं. कोण बरोबर?

---

टवाळ_बोका
शीर्षकात सोमल वाचून खुनाची गोष्ट असेल म्हणून आलो होतो. पॉपकॉर्न परत ठेवून देतो.

---

गंधकप्रेमी
अर्धधातूबद्दल अवाक्षर काढणार नाही, वचन.

तिन्ही विषांची मुळं एकाच ठिकाणी पोचतात, ते म्हणजे गंधक. प्रथिनं ज्या वीस अमिनो आम्लांची बनतात त्यातल्या सिस्टीनला शेवटी गंधक आणि हायड्रोजनची जोडी असते, थायॉल. मृदू धातू मृदू गंधकाला चिकटतात, हे आम्ही बी.एस्सी.ला शिकवायचो. पारा, कॅडमियम, शिसं सगळे त्याच जातकुळीतले. तीन संयुजेचं आर्सेनिक तर जवळजवळच्या दोन थायॉलना एकदम पकडतं, कधी तिघांना. म्हणून त्यावरचा उताराही दोन थायॉलचा. दुसऱ्या महायुद्धात लुइसाइट या आर्सेनिकयुक्त वायूवर ऑक्सफर्डमध्ये 'बाल' नावाचं औषध तयार झालं, ते म्हणजे दोन गंधकांचा चिमटाच.

पण तिघं घरात शिरतात वेगवेगळ्या दारांनी. आर्सेनाइट साध्या पाण्यात विद्युतभाररहित असतं आणि अंगलटीने ग्लिसरॉलसारखं दिसतं, त्यामुळे पेशीच्या ग्लिसरॉल-पाणी वाहिन्या त्याला बिनबोभाट आत घेतात. कॅडमियम आकाराने कॅल्शियमच्या जवळचं आणि स्वभावाने जस्तासारखं. ते जस्ताच्या वाहकांतून शिरतं आणि आत गेल्यावर जस्ताच्या खुर्चीत बसतं. ज्या प्रथिनांचा आकार जस्ताच्या एका अणूभोवती बांधलेला असतो त्यांची घडी मग विस्कटते. तुझं आर्सेनाइट लवकर आणि कॅडमियम उशिरा, याचं थोडं उत्तर या दारांतच आहे.

एक गोष्ट तपास. मीडियममध्ये मर्कॅप्टोइथेनॉल किंवा एन-असिटिलसिस्टीन तर नाही ना? असेल तर तुझं विष पेशीत जाण्याआधीच तिथल्या गंधकावर खर्च होईल.

---

चिंगी_७७
शास्त्रातलं मला शष्प कळत नाही, पण शब्दाबद्दल बोलते. गुठळी म्हणजे पिठल्यातली. पीठ वैरताना हात चुकला की झाली. मग कितीही घोटा, आदण वाढवा, ती विरघळत नाही. फोडली तर आत कोरडं पीठ निघतं. पुंजका वेगळा. ताऱ्यांचा पुंजका, मुंग्यांचा पुंजका. जमतात आणि पांगतात. तुझे आर्सेनाइटचे ठिपके पांगतात असं तूच लिहिलंयस, मग ती गुठळी कशी?

---

पाषाणकर_जुना
चिंगीताईंनी दोन ओळींत जे सांगितलं त्यावर आम्ही लोक पानंच्या पानं खर्च करतो. पुंजका आणि गुठळी, शब्द ठेवून घेतले.

अगारवाली, तुझ्या चार वेलमध्ये चार वेगळ्या गोष्टी चालल्या आहेत. एकेक घेतो. लांबेल.

आर्सेनाइटचे ते स्ट्रेस ग्रॅन्युलच. पेशीत ताण ओळखणारे चार किनेझ (फॉस्फेट चिकटवणारी प्रथिनं) असतात, त्यातला एचआरआय हा आर्सेनाइटला दाद देतो. तो ईआयएफ२-अल्फा या घटकावर, ५१व्या जागेच्या सेरीनवर, फॉस्फेटचा शिक्का मारतो. शिक्का बसला की नवं प्रथिन बनवायचं काम थांबतं. आधीपासून एमआरएनएवर (प्रथिनाचा आराखडा असलेल्या धाग्यावर) चालत असलेले रायबोसोम (प्रथिन बनवणारी यंत्रं) शेवटपर्यंत जाऊन उतरतात, नवे चढत नाहीत, आणि एमआरएनएचे उघडे धागे तरंगत राहतात. जी३बीपी१ त्या धाग्यांना धरतं, धागे एकमेकांना धरतात आणि थेंब तयार होतो. तुला ते तेलाच्या चकत्यांसारखे मिसळताना दिसले कारण ते खरोखरच थेंब आहेत, घन नव्हेत. यू२ओएस पेशींतून जी३बीपी१ आणि त्याचा जुळा जी३बीपी२ हे दोन्ही काढून टाकले तर आर्सेनाइट देऊनही हे ठिपके होत नाहीत. म्हणजे ही मोडतोड नाही, बांधकाम आहे. पेशीने दुकान बंद करून माल आत ओढून घेतलाय. सीनियर बरोबर.

पण गाईडही पूर्ण चूक नाहीत, आणि इथेच मजा आहे. आर्सेनाइट प्रथिनांची घडी बिघडवतंही. यीस्टवर गॉथेनबर्गच्या गटाने हे २०१२ साली दाखवलं आणि २०१७ मध्ये कॅडमियमबद्दल तसंच काम केलं. फटका बसतो तो मुख्यतः रायबोसोममधून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या, अजून घडी न बसलेल्या प्रथिनांना. घडी बसलेल्या प्रथिनातले थायॉल बऱ्याचदा आत दडलेले असतात. नवजाताचे उघडे. धातू तिथे चिकटला की घडी अर्धवट राहते, पाण्याला भिणारे भाग बाहेर राहतात आणि ते एकमेकांना चिकटत सुटतात. ही ती पिठल्यातली गुठळी. ज्या पेशीने धातू आल्या आल्या उत्पादन थांबवलं तिच्याकडे बिघडायला कच्चा मालच कमी. दुकान बंद करण्यात हाही फायदा आहेच.

कॅडमियमचं पुढच्या प्रतिसादात. जेवायला हाक आलीय.

---

कल्हईवाला
माझे आजोबा तांबट आळीत भांडी ठोकायचे आणि शेजारी कल्हईचं काम चालायचं. कथलात शिसं मिसळलेलं असलं तर जुने लोक नखाने ओरखडा काढून ओळखायचे म्हणे. विचारायचं एवढंच की हे प्लेटमधलं प्रकरण वाचून आम्ही किती घाबरायचं? बोअरचं पाणी, देवाचा शेंदूर, सुटी हळद, घरात काय काय येतं.

---

पाषाणकर_जुना
@कल्हईवाला, आधी तुमचं घेतो, कारण आकडे सोपे आहेत.

०.५ मिलिमोलर आर्सेनाइट म्हणजे लिटरला सुमारे ३७ मिलिग्रॅम आर्सेनिक. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. म्हणजे या पोरीच्या प्लेटमधली मात्रा त्याच्या साडेतीन हजार पटींहून जास्त. पेशीला थोबाडीत मारून ती काय करते हे अर्ध्या तासात बघायचं असतं, म्हणून इतकं. पाण्यातल्या आर्सेनिकचा आपल्या देशातला मोठा प्रश्न गंगेच्या खोऱ्यातला, पश्चिम बंगाल आणि बिहारचा. तिथे लोक वर्षानुवर्षं थोडं थोडं पितात आणि त्वचेवर, फुप्फुसावर, मूत्राशयावर परिणाम होतात. ती कथा अर्ध्या तासाच्या प्लेटवरून सांगता येत नाही. उलटंही खरं : प्लेटमध्ये कमी मात्रेला ठिपके दिसले नाहीत म्हणून वीस वर्षं पिऊन काही होणार नाही असं नाही.

शेंदूर म्हणजे लेड टेट्रॉक्साइड. मुलांच्या हाताला लागला तर हात धुवा. हळद उजळ पिवळी दिसावी म्हणून लेड क्रोमेट घालण्याची भेसळ होते, हे बांगलादेशात तपासातून उघड झालंय. हळकुंडं आणून दळणं उत्तम.

---

चिंगी_७७
हळकुंडं कोण दळून देतं हल्ली? आमच्या गिरणीवाल्याने पाटी लावलीय, "हळद दळून मिळणार नाही. कारण विचारू नये."

---

टवाळ_बोका
कारण पुढचं गव्हाचं पीठ पिवळं येतं. विचारलं नाही, सांगितलं.

---

पाषाणकर_जुना
आता कॅडमियम.

धुतल्यावर ठिपके गेले नाहीत यावरून ते घन आहेत असं लगेच म्हणू नकोस. धुताना तू काय धुतलंस? मीडियममधलं कॅडमियम. पेशीतलं नाही. आर्सेनाइटला पेशी ग्लुटाथायोन हा गंधकवाला छोटा रेणू जोडून पंपाने बाहेर फेकते, म्हणून धुतल्यावर ताण उतरतो. कॅडमियमला ती आतच बांधून ठेवते, मेटॅलोथायोनीन या प्रथिनात. साठेक अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन, त्यातले वीस सिस्टीन. १९५७ साली ते पहिल्यांदा घोड्याच्या मूत्रपिंडातून वेगळं केलं गेलं, तेही कॅडमियम बाळगणारं प्रथिन म्हणूनच. माणसाच्या मूत्रपिंडात कॅडमियमचा अर्धा साठा उतरायला दहा ते तीस वर्षं लागतात. तुझ्या पेशींना तू एक रात्र दिलीस. ताण चालूच असेल तर पुंजकाही चालूच राहील. तो न विरघळणं हा गुठळी असल्याचा पुरावा नव्हे.

मग वेगळं कसं करायचं? सायक्लोहेक्सिमाइड. हे औषध रायबोसोमला एमआरएनएवर जागच्या जागी गोठवतं. पुंजका टिकतो तो उघड्या एमआरएनएच्या येण्याजाण्यावर. धागे रायबोसोमसकट अडकून राहिले की पुंजक्याला नवा माल मिळत नाही आणि झालेला पुंजकासुद्धा विरघळतो. खऱ्या गुठळीला याचं सोयरसुतक नाही, ती तशीच राहते.

पण क्रम महत्त्वाचा. औषध धातूच्या आधी घातलंस तर पुंजके होणार नाहीत, आणि नवजात प्रथिनंच नसल्याने गुठळ्याही कमी होतील. दोन्ही गायब, कारणं निराळी, आणि तू गोषवाऱ्यात काहीतरी भलतंच लिहून बसशील. माझ्या एका विद्यार्थ्याने बरोबर हेच केलं होतं आणि दोन महिने आम्ही चुकीच्या आनंदात होतो. आधी ठिपके होऊ दे, मग औषध.

---

रक्ततपासनीस
धाग्यात आर्सेनिकला नुसतं व्हिलन केलंय म्हणून मधे पडतो. मी रक्ताच्या कर्करोगांची तपासणी करतो. ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, एपीएल, हा एकेकाळी काही दिवसांत माणूस नेणारा आजार. त्यात १५ आणि १७ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि पीएमएल नावाचं प्रथिन भलत्याच प्रथिनाला जोडलं जातं. निरोगी पेशीच्या केंद्रकात पीएमएलचे मोजके, गोल, ठळक ठिपके असतात. या आजारात ते फुटून शेकडो बारीक कणांत विखुरतात. स्लाइडवर बघितलं की केंद्रकावर कोणीतरी पिठी उडवल्यासारखी दिसते.

आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे आपला सोमलच, दिला की ते कण पुन्हा एकत्र येतात. आर्सेनिक थेट पीएमएलच्या जस्त धरणाऱ्या सिस्टीनांना चिकटतं (गंधकप्रेमी, तुमचंच म्हणणं), ही गोष्ट २०१० साली पक्की झाली. एकत्र आलेल्या प्रथिनावर सुमो नावाची चिठ्ठी लागते, त्यावर युबिक्विटिन (हे प्रथिन टाकाऊ आहे असं सांगणारा शिक्का), आणि पेशीचा कचरा-यंत्र ते दूषित प्रथिन गिळून टाकतो. म्हणजे इथे ठिपके होणं हाच उपचार.

चीनमधल्या हार्बिनमध्ये १९७०च्या दशकात याची सुरुवात झाली, अमेरिकेत २००० साली औषध म्हणून मान्यता मिळाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने केवळ आर्सेनिक ट्रायऑक्साइडवर एपीएलचे रुग्ण बरे केल्याचं काम २००६ साली प्रसिद्ध केलं. रुग्णाला रोज किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम, शिरेतून, हृदयाच्या आलेखावर नजर ठेवून.

अगारवालीसाठी : पीएमएलचे ठिपके एका मायक्रोमोलरलाही हलतात. तुझ्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्शाला. एकच विष, एकच पेशी, पण कोणतं प्रथिन बघतेयस त्यावर 'किती दिल्यावर परिणाम होतो' याचं उत्तर पाचशे पटींनी बदलतं. गोषवाऱ्यात 'प्रथिनांचे पुंजके' असं मोघम लिहू नकोस, कोणत्या प्रथिनाचे ते लिही.

---

पेठेतला_वैद्य
हरताळ म्हणजे आर्सेनिकचं पिवळं सल्फाइड, मनःशीळ म्हणजे तांबडं. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की त्यावर हरताळ फासायचे, म्हणून 'केल्या कामावर हरताळ फासला' म्हणतात. तेव्हा अगारवालीबाईंच्या कंट्रोलवर कशाने हरताळ फासला ते शोधा.

गमतीचा भाग सोडा. आमच्या शास्त्रात ही द्रव्यं शोधनाशिवाय वापरत नाहीत. आणि सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तुमचं आर्सेनाइट मिठासारखं विरघळतं. संयुग कोणतं ते न बघता 'आर्सेनिक विषारी' म्हणणं अर्धवट आहे.

---

रक्ततपासनीस
वैद्यबुवा, संयुगाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मनःशीळ पोटातून देऊन एपीएलवर चीनमध्ये उपचार झालेतही. पण "शोधन केलंय" हे बाटलीवर लिहिणाऱ्याने केलंय का, हे रुग्णाला कसं कळणार? २००४ साली बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. माझ्याकडे रक्तातलं शिसं वाढलेले रुग्ण येतात आणि निम्म्या वेळा पिशवीतून एखादी पुडी निघते, जिच्यावर नावही नसतं.

---

पेठेतला_वैद्य
नाव नसलेल्या पुडीचं समर्थन मीही करत नाही. पुढे वेगळा धागा काढू, नाहीतर इथे गुठळी व्हायची.

---

पाषाणकर_जुना
वैद्यबुवांनी कंट्रोलचा विषय काढला म्हणून उरलेलं.

अगारवाली, जी३बीपी१-जीएफपी तू पेशीत तात्पुरतं घातलंस ना, डीएनए ट्रान्सफेक्ट करून? मग काही पेशींना डीएनएची जास्त खेप मिळते आणि त्या जी३बीपी१ भरमसाट बनवतात. हे प्रथिन जास्त झालं की कुठलाही ताण नसताना आपलं आपण पुंजके करतं. कंट्रोलमध्ये ठिपके असलेल्या पेशी शेजारणींपेक्षा जास्त झगझगीत आहेत का बघ. असतील तर तेच. डीएनए कमी घाल, किंवा सरळ न छेडलेल्या पेशी घे आणि त्यांच्या स्वतःच्या जी३बीपी१ ला अँटिबॉडीने रंगव.

शिशाबद्दल मला वाटतं ते बोलू का? ते ठिपके पेशीचे नाहीतच. मीडियममध्ये फॉस्फेट असतं, भरपूर बायकार्बोनेट असतं. शिशाचं फॉस्फेट आणि कार्बोनेट दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत. तू लेड ॲसिटेट ओतलंस आणि पांढरा साका बसला. एका वेलमध्ये पेशी न घालता नुसतं मीडियम आणि शिसं घालून बघ. आणि सूक्ष्मदर्शकाच्या ज्या रंगाच्या चॅनेलमध्ये तुझा कुठलाच रंग नाही तिथेही ते चमकतात का, तेही.

---

गंधकप्रेमी
हे मला सुचायला हवं होतं. अकरावीच्या गुणात्मक विश्लेषणात आयुष्यभर हेच साके पोरांकडून पाडून घेतले.

---

अगारवाली
सगळ्यांचे आभार. आठ दिवसांनी येतेय, मधे दोनदा वीज गेली आणि एक अख्खा फ्लास्क गेला. (आमच्या इन्क्युबेटरवर पाटी आहे : "दार लावून घेणे. कार्बन डायऑक्साइड आपल्या तीर्थरूपांचा नाही.")

शिसं : नुसत्या मीडियमच्या वेलमध्ये अगदी तेच चकचकीत कण. फेज कॉन्ट्रास्टमध्ये टोकदार दिसतात, लाल चॅनेलमध्येही दिसतात. मी यावर दोन स्लाइड बनवल्या होत्या आणि एकीचं शीर्षक होतं 'शिशामुळे होणारे जलद पुंजके'. डिलीट केल्या. कोणाला सांगू नका.

कंट्रोल : पाषाणकर सर, तंतोतंत. ठिपकेवाल्या पेशी सगळ्यांत झगझगीत होत्या. अँटिबॉडीने केलं तर कंट्रोल स्वच्छ. एचईके धुताना निम्म्या निघून जातात म्हणून हे सगळं यू२ओएसवर केलं, त्या चपट्या असतात आणि काचेला धरून बसतात.

कॅडमियम : धुतलं, ठिपके तसेच. मग सायक्लोहेक्सिमाइड. साधारण अर्ध्या तासाने बघितलं तर गोल, लहान ठिपके बहुतेक सगळे गेले होते! पण काही पेशींत केंद्रकाच्या कडेला, एकाच बाजूला, एकदोन मोठे ओबडधोबड राहिले. ते जी३बीपी१ मध्ये फिके आणि युबिक्विटिनच्या अँटिबॉडीने गडद. आर्सेनाइटच्या वेलमध्ये असं उरलेलं एखाद-दुसऱ्या पेशीतच सापडलं.

म्हणजे एकाच पेशीत पुंजके आणि गुठळी दोन्ही होती आणि मी इतके दिवस दोन्हीला एकच समजून मोजत होते?

---

पाषाणकर_जुना
तसं दिसतंय. केंद्रकाच्या खोबणीत एका बाजूला साठलेलं, युबिक्विटिनचा शिक्का असलेलं हे ॲग्रेसोमसारखं आहे. १९९८ पासून ही कल्पना माहीत आहे : पेशी विखुरलेल्या बिघडलेल्या प्रथिनांना सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून ओढत एका कोपऱ्यात आणून टाकते, भोवती व्हिमेंटिन या तंतुमय प्रथिनाचं कुंपण घालते. खात्री करायची तर व्हिमेंटिन रंगव, किंवा कॅडमियम देताना नोकोडाझोलने रूळ उखडून बघ. मग तो मोठा ढीग न होता बारीक बारीक ढीग पेशीभर पडलेले दिसायला हवेत.

आणि उत्साहात लिहायला बसू नकोस. हे एकदा झालंय. वेगवेगळ्या दिवशी आणखी दोनदा कर. मोजताना स्लाइडवरची नावं दुसऱ्या कोणाकडून झाकून घे, कारण आता काय दिसायला हवं ते तुला माहीत झालंय. त्याच बरोबर किती पेशी मेल्यात तेही बघ. मरायला टेकलेली पेशी गोल होते, आकसते, आणि तिच्यात सगळंच पुंजक्यासारखं दिसतं.

---

चिंगी_७७
म्हणजे पिठल्याच्या एकाच कढईत वर तेलाचे तवंग आणि खाली गुठळी. आमच्याकडे नेहमीचंच.

---

अगारवाली
चिंगीताई, मराठी गोषवाऱ्यात 'पुंजका' आणि 'गुठळी' हेच दोन शब्द ठेवलेत, व्याख्येसकट. गाईडनी वाचलं, "गुठळी हा शब्द जरा घरगुती नाही का वाटत" म्हणाले, आणि ठेवला.

एक व्यवहारातला प्रश्न. आठवडाभराचं कॅडमियम-आर्सेनाइटचं टाकाऊ मीडियम साठलंय. कोणीतरी नवीन मुलाने काल त्यातलं थोडं ब्लीच घालून सिंकमध्ये ओतलं.

---

गंधकप्रेमी
अरे देवा. ब्लीचने जंतू मरतात, धातू नाही. कॅडमियम कुठल्याही रसायनाने 'नष्ट' होत नाही, ते मूलद्रव्य आहे. वेगळ्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये साठवा, वर धातूचं नाव आणि अंदाजे मात्रा लिहा, आणि संस्थेच्या घातक कचरा उचलणाऱ्यांना द्या. पिपेटची टोकं आणि प्लेटसुद्धा त्यातच.

---

टवाळ_बोका
कॅनसाठी पाटी माझ्याकडून, फुकट :

"यात सोमल आहे. सिंकमध्ये ओतू नये. सिंक मुठेला जातो. मुठा आम्हाला ओळखते."

---

अगारवाली
छापली. लॅमिनेट करून लावली.